कटिंग मास्तरांची अट

दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात माझ्या शेजारी शर्टांचे एक कारखानदार व एक कटिंग मास्तर बसले होते. त्यांचे संभाषण मी यथाशक्ती नमूद करीत आहे.

“मास्तर, तीन कारखाने तुमच्या मागे लागलेत. पण तुम्ही आमच्याकडेच या.”

“तुमचाच शर्ट घातलाय मी. सध्या कापतं कोण?”

“आमच्या वहिनी. त्यांना आता घरी बसवणार.”

“का हो?”

“प्रत्येक बाहीचा मुंढा हाताने आखत बसतात. वेळ किती जातो!”

“म्हणूनच हात वर केला तरी शर्ट वर सरकत नाही. हे बघा.”

“अहो, लोक बघतायत!”

“बघू द्या. वीस वर्षांत मला हे साधलं नाही.”

“म्हणजे येत नाही तुम्ही?”

“येतो की. त्यांच्या हाताखाली.”

“त्या सहजासहजी कोणाला घेत नाहीत हो.”

“मग विचारून ठेवा, परीक्षेला कधी येऊ?”