तुकडीत जावई

समस्त नागपूरकरांना गंभीरपणे कळवण्यात येते की मनीषनगरातल्या आमच्या बिल्डिंगीत दर रविवारी दुपारी युद्ध असते आणि दुसऱ्या मजल्याच्या फौजेची कप्तान मी आहे. असं मोठ्या अक्षरात लिहा ताई, मंग बाकीचं सांगते.

माहेर माझं भिवापूरचं, सहा भावंडांत मी धाकटी, म्हणजे जन्मापासून दुसऱ्याचं ऐकणारी. लग्न होऊन इकडं आले तं सासूबाईचं ऐकलं. मंग रामदासपेठेत एका दवाखान्यात नंबर लावायच्या टेबलावर नोकरी लागली, तिथं मात्र काय सांगू तुम्हाला, मी नुसतं बसा म्हटलं की मोठमोठे शेठजी मुकाट्यानं बसते. पण घरी आलं की पुन्हा मी सून.

आता हा मोबाइलवरचा खेळ. चार-चार जणांच्या तुकड्या, बंदुका घेऊन एका ओसाड गावात उतरायचं आन् शेवटपर्यंत जी तुकडी जिवंत राहील ती जिंकली. यात नेम नंतर, आधी ऐकणं लागते. कप्तान म्हणते खाली, तं खाली. डावीकडं, तं डावीकडं. दवाखान्यातल्या पोरींनी मले शिकवला, मी घरच्यांले शिकवला, म्हणून कप्तान मी. एवढी एकच गोष्ट आहे ताई, जी मले कोणी दिली नाही, मी मिळवली. तुकडीत आमचे हे, नणंद वैशाली आन् तिचे मालक दिगांबरराव. आन् तिथंच सारं बिघडलं, कारण दिगांबरराव जावई.

सासूबाई मागं दिवाणावर बसून सारं ऐकते. मी म्हटलं भाऊजी, खाली, की लगेच, काहून वं, जावयाले असं बोलते का कोणी? खाली बसता का, म्हणावं. आता खाली बसता का म्हणेपर्यंत माणूस मरते नं! चांगली बंदूक सापडली, आधी जावयाले. मलमपट्टीची एकच पेटी, तीही जावयाले. एकदा एका घरात शिरायचं होतं, तं हे म्हणे आधी तुम्ही जावईबापू, ते म्हणे छे छे, आधी तुम्ही, आन् दोघं दारात मानपान करून राहिले तोवर खिडकीतून बॉम्ब आला, चौघंही खलास. आमच्याविरुद्ध खेळणारे तिसऱ्या मजल्यावरचे हसत हसत जिना उतरून आले, म्हणे काय वहिनी, लग्नाची पंगत होती का?

असे पाच रविवार हरलो. मंग दिगांबररावच म्हणे, वहिनी, तुमच्याच्यानं होत नाही, याही रविवारी हरलो तं पुढं कप्तान मी. आमचे हे म्हणे, बरोबर आहे. अहो, कसं बरोबर आहे! ज्यानं एकदाही ऐकलं नाही तो कप्तान? पण जावयाले नाही म्हणंल कोण. मले फक्त रडू यायचं बाकी होतं.

त्या रविवारी हे आन् वैशाली पहिल्या झटक्यात गेले. उरलो मी, भाऊजी आन् तिसऱ्या मजल्यावरचा एक जण, कुठं दडला ते दिसेना. मी भिंतीमागं पालथी पडून, आन् भाऊजी महाशय उठून राहिले, म्हणे पाहू तरी कुठं आहे तो. खाली हा एक शब्द माझ्या तोंडात तयार, पण जीभ वळंल तं शपथ. भाऊजी, जमत असंन तं जराक... आन् मागून सासूबाई ओरडल्या. बावीस वर्षांत जावयाले अहो-जाहोशिवाय न बोललेली बाई! दिगांबरराव दचकून सोफ्यावर पसरले, अंगठा दबला, खेळातही आडवे झाले, गोळी वरून गेली, पाण्याच्या टाकीमागचा माणूस मले दिसला आन् मी उडवला. जिंकलो.

कप्तानकी राहिली माझी, पण काय उपयोग? आता सासूबाईनं खुर्ची पुढं ओढली आहे, मी काही म्हटलं की सारी तुकडी आधी त्यांच्या तोंडाकडं पाहते. दिगांबरराव त्या दिवशी दोनच पुऱ्या खाऊन उठले, आता सासूबाई नुसत्या खाकरल्या तरी आडवे होते. असो, म्हातारीले उदंड आयुष्य मिळो. काय ओरडल्या म्हणता? लिहाल? लिहा, पण एक अक्षर बदलू नका. अबे मुडद्या, झोप नं खाली, माह्या पोरीचं कुकू पुसतं का!