बर्फाच्या गाडीला टर्बो

नाही नाही, हसू नका, आधी पूर्ण ऐका, कारण तुम्हाला सांगतो, मी फक्त एवढंच म्हणालो होतो की गाडी चढावर धापा टाकते. बस्स! एवढंच! यात टर्बो कुठून आला, ते मला अजून कळलेलं नाही.

आमचा धंदा बर्फाचा. वडील बर्फवाले, मीही बर्फवाला. कारखान्यातून लाद्या उचलायच्या, पिकअपच्या हौद्यात भुसा घालून रचायच्या, वरून गोणपाट टाकायचं आणि डोंगरावरच्या हॉटेलात पोचवायच्या. पिकअप वडिलांच्या काळातली, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे इंजिनात जायच्या आधी हवेत पेट्रोल कालवणारं ते जुनं यंत्र असलेली. सपाटीला अगदी गुणी, पण चढ लागला की अशी रांगते की पायी चालणारे पुढे जाऊन वळून बघतात, आणि मागे लाद्या टप टप टप टप... खाली लादी चढवावी आणि वर वडी उतरवावी! शेवटी हॉटेलातल्या आचाऱ्याने निर्वाणीचं सांगितलं, "बर्फवाले, आता अख्खी लादी आणा, नाहीतर मी दुसरा बघतो." दुसरा! अहो, माझं गिऱ्हाईक ते एकच, ते गेलं तर मी लाद्या काय घरात रचून त्यावर बसू?

हे मी घरी बोललो. तिथेच माती खाल्ली. कारण घरी मेहुणा आलेला, बायकोचा धाकटा भाऊ, मोबाइलवर बघून बघून सगळ्यातला जाणकार. म्हणाला, "भावजी, टर्बो लावा." म्हटलं, ते काय असतं बाबा? "सोप्पं आहे हो! इंजिनाचा धूर पंखा फिरवतो, पंखा इंजिनात हवा कोंबतो, हवा जास्त की पेट्रोल जास्त जळतं, की धूर जास्त, की पंखा जोरात, की हवा आणखी..." अरे, मग हे थांबतं कधी? "भावजी, थांबायचं कशाला?" मी आपली मान डोलावली.

मग गाठला गॅरेजचा मिस्त्री. हा मिस्त्री पाना दातात धरून बोलतो, त्यामुळे निम्मं पान्यातच राहतं. बॉनेट उघडून म्हणाला, "पंखा कार्ब्युरेटरच्या आधी. हवा ढकलायची." मेहुणा म्हणाला, "छे, नंतर! हवा ओढायची!" "ढकलायची!" "ओढायची!" "ढकलायची म्हणतो ना!" आणि एकदम दोघे माझ्याकडे वळले, "तुमचं काय म्हणणं?" माझं? माझं म्हणणं, बर्फ वर पोचावा! पण तसं बोलायची सोय नव्हती. मी आपली मान डोलावली. ती नेमकी कुणाच्या बाजूने डोलली कोण जाणे, पण मिस्त्री खूश झाला.

त्याने काय करावं? माझ्या डोळ्यांदेखत कार्ब्युरेटर पत्र्याच्या डब्यात बंद केला! म्हटलं, अहो गुदमरेल तो! "नाही केला तर हवा फटीतून पळेल आणि पेट्रोल उलटं जाईल." बरं! उलटं जायला नको, एवढं मलाही कळतं. मग म्हणाला, "पुढे टर्बोला जागाच नाही. मागे बसवतो, हौद्याच्या खाली, धूर तसाही मागेच जातो. जरा तापेल. चालेल ना?" मेहुणा म्हणाला, "चालेल काय, पळेल!" मी आपली मान डोलावली.

आणि तुम्हाला सांगतो, पळाली! चढ लागला, सवयीने मी पाय दाबला, मागून कुठूनशी शीळ आली, मी दचकून इकडेतिकडे पाहतोय तोवर गाडी सुटली, अशी सुटली की रोज मला मागे टाकणाऱ्या पायी माणसांना मी मागे टाकलं, वर हातही केला! मेहुणा शेजारी ओरडतोय, "बघा भावजी, बघा!" मी बघतोय, पण समोर. मागून वाफा निघत होत्या म्हणे. मला कोण सांगणार?

आचारी बाहेर आला, "अरे वा, इतक्या लवकर?" मी ऐटीत हौद्याचा मागचा फाळका पाडला. आत ओलं गोणपाट, भिजलेला भुसा आणि पाणी. लादी नाही, वडी नाही, खडासुद्धा नाही! आचाऱ्याने त्या पाण्यात बोट बुडवलं. "कोमट आहे," म्हणाला. मेहुणा म्हणतो, "पण वेळ बघा ना!" खरं सांगतो, रडूच येईल असं झालं मला. वडिलांपासूनचं गिऱ्हाईक हो!

बरं, चूक कुणाची? मिस्त्री म्हणतो, तापेल म्हणून सांगितलं होतं. मेहुणा म्हणतो, गाडी पळत नव्हती, ती पळवली. बायको म्हणते, माझ्या भावाला एक शब्द बोलायचा नाही. आणि तिघांचंही बरोबर! मग चुकलं काय?

पण हा वाद नंतरचा. तिथे वर, हॉटेलाच्या दारात, आचारी हौद्याच्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाला, "हे असं नेहमी तापतं का?" म्हटलं, आता नेहमीच. तर आत जाऊन धुतलेल्या चादरींचा ढीग घेऊन आला! "इथे ढगांत काही वाळत नाही हो. एक चक्कर मारून आणता?" काय करणार, मी आपली मान डोलावली.

तेव्हापासून रोज सकाळी ओल्या चादरी घेऊन उतरतो आणि वाळवून वर आणतो. बर्फ आता दुसरा एकजण पोचवतो. त्याची गाडी माझ्या पूर्वीच्या गाडीसारखीच, रांगत रांगत येते, निम्मी लादी वाटेतच वितळलेली असते. परवा मी न राहवून आचाऱ्याला विचारलं, अहो, हे तुम्हाला चालतं? तर म्हणतो कसा, "चालतं हो... निदान थंड तरी असतं!"