एक्केचाळीस नंबर

मॅडम : एक्केचाळीस! हा बघ, मशीनच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदींत, लाल खुणेचा. दुरुस्तीला तुला बोलावलंय, पण नेटवर वाचलंय मी, मयूर. मशीन चालू असताना प्लग ओढला की हाच नंबर पडतो. आणि काल सोनोग्राफीच्या खोलीत ही आकांक्षाच होती.

आकांक्षा : प्लगला हात नाही लावला मी! स्क्रीन अडकली, काय करू म्हणून तुम्हालाच विचारायला आले. परत जाते तर बंद पडलेलं.

मॅडम : आवाज खाली. बाहेर पेशंट आहे.

आकांक्षा : काल पेशंटसमोरच ओरडलात ना? “हिने सगळ्यांचे फोटो घालवले!” अख्ख्या परळला ऐकू गेलं असेल.

मयूर : एक मिनिट, मॅडम. एक्केचाळीस म्हणजे मशीन नीट बंद न होता गेलं, एवढंच. का गेलं, ते हा नंबर सांगत नाही. त्याच्या आधीचं वाचायला लागतं. हा सात दिसतोय? परत सात. हा पण सात.

मॅडम : म्हणजे?

मयूर : सात म्हणजे डिस्कची तक्रार. डिस्क खराब होत होती. गणपतीच्या आधीपासून बोंबलतेय ती. प्लग ओढून डिस्क अशी सडत नाही.

आकांक्षा : ऐकलंत? स्क्रीनवर ‘डिस्क तपासा’ असा मेसेज यायचा, तो मी दाखवला होता तुम्हाला. “कॅन्सल कर, पुढचा पेशंट घे,” कोण म्हणालं?

मॅडम : गर्दी होती गं तेव्हा...

आकांक्षा : आणि आज मला राजीनामा लिही म्हणताय!

मॅडम : बरं, चुकलं माझं. झालं समाधान? मयूर, बॅकअपमधून काढ फोटो.

मयूर : बॅकअप त्याच डिस्कवर घेत होतात, मॅडम. सगळं उघडून बघितलं. काही उरलं नाही.

आकांक्षा : आता ते ‘चुकलं’ बाहेर जाऊन बोला. काल जिथे ओरडलात, तिथे.

(मॅडम दार उघडतात. बाकावर कमळाबाई एकट्याच बसल्या आहेत.)

मॅडम : कमळाबाई, तुमच्या मानेच्या गाठीचे जुने फोटो गेले. कागद सांभाळू नका, सगळं कॉम्प्युटरवर राहील, असं मीच म्हटलं होतं. चूक माझी. ह्या मुलीची नाही.

कमळाबाई : ता ऱ्हवांदे, डॉक्टरीणबाय. पन माजी गाठ वाढली काय तशीच आसा, ता आता कसा कळतला?