नत्र न मिळालेली बार्ली

अमर्सफोर्ट गावाला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक तरुण संशोधिका आणि तिच्या प्रयोगशाळेच्या काचघराचे निवृत्त माळी बसले होते.

“हार्मकाका, प्रबंध छापून आला! उद्या परीक्षकांपुढे उभं राहायचंय.”

“शाब्बास, येत्स्के! पण सापडलं काय?”

“बार्लीचं नत्र बंद केलं, तरी बाराव्या दिवसानंतर ती आपली आपण सावरते. एकोणतीस हजार जनुकं तपासली, काका. संगणक तीन आठवडे राबत होता.”

“डावीकडच्या टेबलावरची? ती पिवळी पडलेली?”

“तीच! अजून आठवते तुम्हाला?”

“न आठवायला काय झालं! बघवत नव्हतं गं. बारावा दिवस म्हणजे रविवार ना?”

“हो. का?”

“तुम्ही सगळे घरी होता. मी बिचाऱ्यांना थोडं खत घातलं.”

“काका!”

“चिमूटभरच.”

“अहो, कुंड्यांना लाल पट्टी होती! लाल म्हणजे खत द्यायचं नाही!”

“मला वाटलं, लाल म्हणजे आजारी. पण काय गं, एवढ्या मोठ्या संगणकाला कळलं नाही होय?”

“कळलं ना. या रोपांना कुठून तरी नत्र मिळतंय, असं तो सारखा सांगत होता. आम्ही त्याला बार्लीची गुप्त यंत्रणा असं नाव दिलं. प्रकरण चौथं.”

“अरे देवा! मग उद्या खरं सांगणार?”

“वेगळं कशाला सांगायचं? छापलंय की आभाराच्या पानावर. लोक वाचतात ते तेवढंच.”

“काय छापलंय?”

“‘हार्म यांच्या मायेशिवाय हा निष्कर्ष निघालाच नसता.’”