पाहुण्यांचं वायफाय

नाही ताई, पटलं नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. फोटोला हार घातला म्हणून भांडण मिटत नसतं.

मंडळी, माफ करा. तुम्ही सगळे कामधाम सोडून ताईंच्या शोकसभेला आलात. डॉक्टर लोक, बँकेतले साहेब लोक. मी सातवीत शाळा सोडलेला, लातूरकडचा. इथं जयपुरात दुकानांत, ऑफिसांत वायफाय बसवतो. असं उभं राहून बोलायची सवय नाही. पण गप्प बसलो तर आत जळत राहील.

मालवीय नगरातल्या वैशालीताईंच्या रक्ततपासणीच्या लॅबचं वायफाय मीच बसवलं. तेव्हाच म्हटलं होतं, "ताई, दोन वेगवेगळी करू. एक तुमच्या रिपोर्टच्या कॉम्प्युटरला, एक बाहेर बाकावर बसणाऱ्यांना. त्यांचा आत शिरकाव नको."

ताई म्हणाल्या, "म्हणजे घरच्यांना तूप आणि पाहुण्यांना तेल? गणेश, आमच्याकडे पंक्तिभेद चालत नाही."

"ताई, ही पंगत नाही, धंदा आहे."

"आधी चहा घे. मोठा आला शहाणा!"

आणि पासवर्ड? पाण्याच्या ग्लासाबरोबर द्यायच्या! पेशंटला, पेशंटच्या भावाला, कुरिअरवाल्या भैयाला. मी बदलून जायचो. दुसऱ्या दिवशी नवा पासवर्ड अख्ख्या बाकाला पाठ!

मग व्हायचं तेच झालं. कुणीतरी त्याच वायफायवरून आत घुसलं. सगळ्या रिपोर्टांना कुलूप, आणि पडद्यावर खंडणीची मागणी. ताईंनी दमडी दिली नाही. स्वतः एकेका पेशंटला फोन केला, "तुमचे रिपोर्ट माझ्याकडून गेले. चूक माझी. या, पुन्हा तपासते, पैसे नकोत." असं कोण म्हणतं हो? या सभेत कोण म्हणेल?

आणि तुम्ही काय केलंत? राग मानू नका. नाही, मानाच. इथल्या किती डॉक्टरांनी ताईंचा चहा पीत तोच पासवर्ड घेतला होता? मी डोळ्यांनी बघितलंय. एकानं, मतलब एकानंसुद्धा म्हटलं नाही, की आपल्या दवाखान्यातही हेच चालतं. उलट पेशंट पाठवायचे बंद केले. वर कुजबुज. "त्या वायफायवाल्याचंच काम असेल, किल्ल्या त्याच्याकडेच ना."

ताईंच्या कानावर गेलं ते. इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात भर बायकांत म्हणाल्या, "पासवर्ड मी वाटला, गणेशनं नाही. त्याला बोलायचं असेल तर आधी मला बोला." त्यानंतर मला कुणी बोललं नाही. पण त्यांच्याकडे पेशंटही आले नाहीत.

ताईंना हार्टनं नेलं, वायफायनं नाही, एवढं मला कळतं. पण शेवटचे महिने त्यांनी रिकाम्या बाकाकडे बघत काढले. तो बाक कुणी रिकामा केला? आज जो तो म्हणतोय, दिलदार होत्या, दिलदार होत्या. तेव्हा कुठं होतात?

आणि आत्ता, दारात चपला काढताना, एक साहेब मला विचारतात, "भैया, हॉल का पासवर्ड?" हात जोडले मी त्यांना.

लॅब बंद झालेली नाही. ताईंच्या हाताखाली शिकलेली सुनीता चालवतेय. तिच्याकडे पेशंट पाठवा. दुःख तिथं दाखवा. मंडळ मोठ्या फोटोसाठी वर्गणी काढतंय म्हणे. त्यात माझं नाव घालू नका.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं. फोन बंद करून.

ताई, शेवटचा नमस्कार. भांडण चालूच आहे. पण तुमच्या बाकासाठी वेगळा राउटर बसवतोय. आतल्याइतकाच जोरात चालणारा, तूपच वाढतोय, तेल नाही. आता येईल त्याला सुनीतानं खुशाल पासवर्ड द्यावा, पाण्याबरोबर. बिल लॅबच्या नावानं व्हायला पाहिजे, म्हणून राउटरचे पैसे माझ्याकडून तिलाच पाठवतोय. दोन हजार आठशे रुपये.