पेनूबाईचा ळ

ऐका. जरा सरकून बसा, धूर सगळा माझ्याकडं येतोय. आन् गोष्ट चालू असताना कुनाचा मोबाइल वाजला तर तो मी ह्याच शेकोटीत घालीन. आधीच सांगून ठेवते, मग एस्तेरबाई वाईट म्हनू नका.

लोक भुताची गोष्ट सांगतात ती आज्याच्या काळातली. खरी का खोटी, मेलेल्या मानसाला विचारायला कोन जातंय? माझी गोष्ट परवाची हाय. मंगळवारची. आन् ज्याला भूत भेटलं तो मानूस हितंच बसलाय, मफलर गुंडाळून. भाऊसाहेब, वर बघा. लाजू नका. माझं कुठं चुकलं तर सांगा.

तर हे डमाळे भाऊसाहेब. मोजनीवाले. नव्या हायवेची आखनी करतात, लाल रंगाच्या खुंट्या ठोकत जातात. मंगळवारी दिवसभर ह्यांनी आपल्या मिशनच्या माळावर खुंट्या ठोकल्या. पडक्या दवाखान्याच्या पायरीशी एक, बिनछपराच्या देवळाच्या दारात एक, आन् तिथनं थडग्यांच्या मधून सरळ रांग. संध्याकाळी शाळेत मुक्कामाला गेले. दिवेलागनीनंतर ध्यानात आलं, दप्तर दवाखान्याच्या पायरीवरच राहिलं. सगळी मापं त्या दप्तरात. निघाले बॅटरी घेऊन, एकटे.

माझी खोली माळाच्या फाटकाशीच. मी भाकरी थापत व्हते. म्हनलं, भाऊसाहेब, सकाळी जा, दप्तर कुनी खात न्हाई. तर म्हनाले, "मावशी, मी भुताखेतांना मानत नाही." म्हनलं, मी कुठं भुताचं बोलले? मी विहिरीचं बोलते. घानेरीच्या जाळीत बुजलेली विहीर हाय तिकडं. पन ऐकतोय कोन. गेले.

आता पेनूबाई कोन ते सांगते, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. मिस पेन्रोज. मिशनची डाक्टरीन. बोटीत बसून आली, अठ्ठावीस वर्षं हितं राहिली, हितंच गेली. गावानं तिची पेनूबाई केली. पिंपळदऱ्यातली अर्धी म्हातारी मानसं तिच्या हातावर जन्मली, त्यात मी. पुढं तिच्याच हाताखाली मी मलमपट्टी करत व्हते. रोग्याला ती तीनच गोष्टी विचारायची. नाव सांग. गाव सांग. काय दुखतं सांग. पाटील असो का गोसावी, चपला बाहेर काढायच्या आन् रांगेत बसायचं.

मराठी तिला सगळी यायची. भांडायला सुद्धा यायची. फक्त ळ यायचा न्हाई. बाळातला ळ. बाळाला बाल म्हनायची, डोळ्याला डोला, गोळीला गोली. आपल्या गावाला पिंपलदरा. मी हसले की म्हनायची, "एस्तेर, तुला बानातला न येत नाही, मला बालातला ल येत नाही. आपन दोघी सारख्या."

हे ध्यानात ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी चालंल, ळ तेवढा ध्यानात ठेवा.

तर भाऊसाहेब माळावर पोचले. चांदनं न्हाई, वारा न्हाई. पायरीपाशी बघतात तर दप्तर न्हाई. बॅटरी फिरवली. दप्तर आत. पेनूबाईचं टेबल जिथं असायचं, बरोबर त्या जागी, फरशीवर. ह्यांना वाटलं कुत्र्यानं ओढलं असंल. आत पाऊल टाकलं, आन् मागनं आवाज आला. बाईचा. हळू, पन दरडावून. "चपला बाहेर."

ह्यांच्या पायात बूट. भाऊसाहेब, काढलेत का न्हाई? काढले. बघा, आत्ता मान हालवली. भूतबीत मानत न्हाईत, पन बूट काढले.

मग वास आला. फिनेलचा. छप्पर उडालेल्या दवाखान्यात साठ वर्षांनी फिनेलचा वास. ह्यांनी दप्तर काखेत मारलं, बूट तिथंच टाकले, आन् फाटकाकडं निघाले. सरळ चालले. चालले, चालले, आन् समोर काय? दवाखाना. पाठ फिरवली. पुन्हा चालले. पुन्हा दवाखाना. तिसऱ्यांदा आले तवा बॅटरीच्या उजेडात दिसलं, दारापुढं कोनतरी बसलंय. ओळीनं. दहा-बारा जन, लाल टोप्या घालून, गप.

जवळ जाऊन बघतात तर ह्यांच्याच खुंट्या. दिवसभर घाम गाळून ठोकलेल्या सगळ्या उपटलेल्या, आन् दाराशी रांगेत उभ्या. दवाखान्याची रांग असते तशी. आन् रांगेत शेवटी एका मानसापुरती जागा मोकळी.

काय केलं असंल ह्यांनी? बसले. त्या जागेत. हसता काय, तुमी असता तर तुमी बी बसला असता.

"नाव सांग."

"डमाळे."

"डमाले," आवाज म्हनला. "गाव सांग."

"राहुरी."

"काय दुखतं सांग."

"काही दुखत नाही, बाई. मला जाऊ द्या."

तर मनगटावर गार बोटं. तीन बोटं, अंगठ्याखाली, नाडी बघतात तशी. बराच वेळ धरली. आन् आवाज म्हनला, "घाबरू नको. तुला गोली देते."

आता मला सांगा, अंधारात, माळावर, भूत म्हनलं गोली देते, तर मानसानं काय समजायचं? बंदुकीचीच. ह्यांनी बोंब मारली आन् सुटले अनवानी.

सुटले ते कुठं? घानेरीत. जिथं जाऊ नका म्हनले व्हते तिथंच. काटे लागतायत, सदरा फाटतोय, आन् मागनं आवाज, "डोले उघड. डोले उघड." भीतीनं ह्यांनी डोळे गच्च मिटलेले. पुढचं पाऊल टाकलं तर खाली जमीनच न्हाई. विहीर. हातातली बॅटरी गेली. लई वेळानं डुबुक् आवाज आला, एवढी खोल. एक पाय काठावर, एक पाय आत. आन् तेवढ्यात मागनं कॉलर धरली कुनीतरी. मांजर पिल्लाला उचलतं तसं उचललं आन् मागं दगडावर आनून बसवलं. कानापाशी धापा टाकत आवाज म्हनला, "बाल, नीट लिही. हा मिशनचा माल आहे. माल लिही, माल."

माझ्या दारात आले ते उंबऱ्यावरच बसले. मी आधी साखरेचं पानी दिलं. मग सुईनं पायातले काटे काढत बसले. एकोनीस काटे निघाले. मग म्हनाले, "मावशी, ती म्हनते माल लिही. अहो, मी मालच लिहिलंय. अजून काय लिहू?" आन् दप्तर उघडून दाखवलं. सरकारी जुन्या कागदावरून उतरवून घेतलेलं. वाचून दाखवलं मला. मिशनचा माल. माल ठेवन्याचं गोदाम, एक.

ह्यांच्यासाठी तव्यावर टाकलेली भाकरी जळाली. मला वास आला, पन मी उठले न्हाई.

कारन त्या दिवशी मी तिथं व्हते. मी विशीची असंन. जुनी मोजनी आली व्हती, जाड भिंगांचा कारकून व्हता. पेनूबाई लिंबाखाली उभी. त्यानं विचारलं, मडम, हे सगळं काय आहे? तिनं हात फिरवला, दवाखाना, देऊळ, थडगी, सगळ्यावरून, आन् म्हनाली, "हा मिशनचा माल आहे. सगला माल मिशनचा." त्यानं लिहिलं, माल. आन् माल हाय म्हंजे गोदाम बी आलंच, ते बी लिहिलं. मला ऐकू आलं. मी दारामागं उभी राहून पदर तोंडात कोंबून हसत व्हते. पुढं येऊन एवढंच म्हनायचं व्हतं, भाऊसाहेब, माल न्हाई, माळ. म्हनले न्हाई. रात्री तिला सांगितलं तर ती बी हसली. दोघी पोट धरून हसलो. त्याच वर्षी ती तापानं गेली, मिशन उठलं, आन् कागद तसाच राहिला.

भाऊसाहेबांनीच मला समजावून सांगितलं. देऊळ असंल, मानसं पुरलेली असतील, तर रस्ता न्यायच्या आधी विचारतात, बघतात, वळवतात. पडकं गोदाम असंल तर कुनी विचारत न्हाई. म्हंजे साठ वर्षांपूर्वीचं माझं हसू आज त्या माळावरून चौपदरी होऊन जानार. एकेचाळीस थडगी हायेत तिथं. माझं पहिलं लेकरू तीन दिवसांचं गेलं, पेनूबाईनं तिच्या शालीत गुंडाळून दिलं, ते तिथं हाय. आन् मरताना ती म्हनाली, मला एस्तेरच्या बालाशेजारी ठेवा. तशीच ठेवली. रोज सकाळी दोघांवरचा पाला मी झाडते. मला ती जागा पायजे. दुसरं काय सांगू तुमाला?

बुधवारी सकाळी भाऊसाहेब आन् मी पुन्हा गेलो. बूट दवाखान्याच्या दाराशी व्हते, जोडीनं, सरळ लावून ठेवलेले. ह्यांनी आधी नमस्कार केला, मग घातले. मग नवीन पान काढलं आन् लिहिलं. मिशनचा माळ. देऊळ एक, दवाखाना एक, थडगी एकेचाळीस, विहीर एक. तो ळ एवढा मोठा काढलाय की शेजारच्या ओळीत घुसलाय. पन म्हनाले, "मावशी, रेघ हलवनं माझ्या हातात नाही. शुक्रवारी मोठे साहेब जागेवर येतील, बघतील, मग ठरवतील." शुक्रवार म्हंजे उद्या.

म्हनून आज तुमाला सगळ्यांना हितं, माळाच्या फाटकाशी बोलावलं. गावाला बी आन् रस्त्याच्या मानसांना बी. ऐका. चाळीस पावलं खाली नुसता खडक हाय. तिथनं रस्ता न्या, मी सोता नारळ फोडीन. पन ह्या वाटेनं जाऊ नका. रात्रीचं नका, दिवसाचं नका, पायी नका, यंत्रानं तर न्हाईच न्हाई.

आन् बिसेसर, तू असा म्होरं ये. तुझा जेसीबी देवळाच्या दाराकडं तोंड करून उभा हाय. साहेब उद्या गाडीतून उतरले की पहिला तूच दिसनार. कागद ते मागनं वाचतील, आधी तुलाच विचारतील, ही जागा कुठली रे? तवा नीट सांगायचं. म्हन बघू. माळ.

माल न्हाई, बाबा. जीभ वर वळव, टाळूला लाव. माळ.

पुन्हा माल. दहा वर्षं झाली तुला बिहार सोडून, मिरचीचा ठेचा खातोस, आन् एक ळ येत न्हाई?

ए, हसू नका त्याला. मी एकदा हसले व्हते. कुनी हसायचं न्हाई. म्हन लेकरा, सावकाश. माळ.

थांबा.

आत्ता कोन म्हनलं? भाऊसाहेब, तुमी? न्हाई? बिसेसर तर तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघतोय. तुमच्यातलं कुनी म्हनलं का? खरं सांगा. मग तिकडं, लिंबाखालून कोन म्हनलं? बाईचा आवाज व्हता. चांगला स्पष्ट. माळ, म्हनला.

बसा, कुनी पळू नका. विहीर हाय तिकडं. बिसेसर, तू ऊठ. भिऊ नको, ती देते ती औषधाची गोळी. जा, आन् जेसीबीचं तोंड खडकाकडं फिरवून ठेव. आत्ताच जा, बूट काढून जा.

आला गं बाई तुला. साठ वर्षं लागली, पन आला. माझा बानातला न अजून राहिलाय.