बुचाच्या चकत्या

— नाही हो साहेब, पाऊस पडत नाहीये असं मी कुठे म्हणतेय? पडतोय की, तासभर पडतोय, माझे बूट बघा — आणि त्याच पावसात तुमचे अकरा फवारे कसे डौलात फिरतायत तेही बघा. वरून देव घालतोय, खालून तुम्ही. गवताने प्यायचं तरी कोणाकोणाचं? छत्री धरून हिरवळीला पाणी घालणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला असं म्हणणार होते, पण खोटं ठरेल, या गल्लीत तुम्ही चौथे. — काय? पाणीखात्याचे लोक पावसात फिरत नाहीत? अहो, पावसातच फिरतात. उन्हात काय, सगळेच साव.

आणि मला 'बाळ' म्हणू नका. सव्वीस वर्षांची आहे, पदवी आहे, काउंटीच्या पाणीखात्याची तपासनीस आहे. तुम्ही बाळ म्हणालात की मला आजोबा म्हणावं लागेल, आणि ते तुम्हाला परवडणार नाही — केस कालच रंगवलेले दिसतायत.

यंत्र आहे म्हणता? आहे ना! पन्हाळीच्या कडेला बसवलंय, अंगठ्याएवढं, दिसतंय मला. आत काय असतं ठाऊक आहे? बुचाच्या चकत्या. पावसाने भिजल्या की फुगतात, फुगल्या की कळ दाबतात, कळ दाबली की फवारे बंद. संपलं. राज्याचा कायदा एवढंच मागतो, आणि तो काही कालचा नाही, मी जन्मले त्याच्या आधीचा. बुचाला कळतं हो, पाऊस पडतोय म्हणून. बुचाला! चाळीस वर्षं लोकांचे दात काढणाऱ्या डॉक्टर लिंडक्विस्टना कळत नाही. — आणि ही पाटी कसली रोवलीय? 'या महिन्याचं सर्वोत्तम अंगण'. अरे वा. दिली कोणी? रहिवासी मंडळाने. आणि अध्यक्ष कोण मंडळाचे? — तुम्हीच. छान! आपलाच हार, आपलीच मान. त्या कोपऱ्यावरच्या बाईंना गवत पिवळं पडलं म्हणून नोटीस पाठवलीत तीही तुम्हीच ना? रडत होत्या मघाशी. पाणीकपातीचा कायदा पाळला म्हणून रडत होत्या बिचाऱ्या. तळ्याकडे गेलायत का इतक्यात? जा एकदा. होड्या चिखलात आडव्या पडल्यात, आणि धक्का उभा आहे, लग्नाला आलेल्या माणसाला लग्न कालच झालं असं कळावं तसा.

नाही, मला ठाऊक आहे, तुमच्या वयाच्या माणसांना आम्ही शिकवू नये. माझा बाप पण हेच म्हणतो. तोही याच धंद्यातला — तीस वर्षं फवारेच बसवतोय. रविवारी तुरीच्या दाण्यांचा भात वाढून घेतो आणि सुरू करतो: पोरी, गिऱ्हाईकाला हिरवं गवत हवं असतं, ढग काही मला पुढचं काम मिळवून देत नाही. मी ताटावरून उठते. दर रविवारी उठते. — पण तो निदान चोरी करत नाही, हे लक्षात घ्या! जानेवारीत एकदा सापडला, एका घरी यंत्राची तार सोडून दिली होती, पहिली नोटीस आली. चुकून झालं म्हणाला. आजीची शपथ घेतली, पुन्हा होणार नाही म्हणाला. मी ऑफिसात त्याच्यासाठी भांडले — मी! जी कोणाचंच ऐकून घेत नाही. दुसऱ्यांदा सापडला तर परवाना जातो ना. — असो. हे तुम्हाला का सांगतेय मी?

चला, गॅरेजमधली पेटी उघडा. उघडा हो, चावी काय शोधताय, कुलूपच नाहीये तिला. — हं. बघा. हा खटका. याच्या एका बाजूला 'पाऊस बघा', दुसऱ्या बाजूला 'पाऊस सोडा'. आणि तुमचा कुठे आहे? 'सोडा'वर. वरून हिरवी चिकटपट्टी, हलायला नको म्हणून. म्हणजे बाहेर बुचाने फुगून फुगून फुटावं, आत ऐकायला कोणी नाही. बहिऱ्याच्या दारात घंटा! कोणी केलं हे? तुम्ही नाही, तुम्हाला नळ बंद करता येईना मघाशी. ज्याने केलं त्याचं नाव लिहावं लागतं मला, या इथे, या रकान्यात, आणि ऐकून ठेवा, मी आजवर एकालाही सोडलेलं नाही, कितीही जुना असो, कितीही —

थांबा.

काही नाही. पट्टी बघतेय. टोक दुमडलंय हिचं. — म्हणजे पुढच्या वेळी नखाने खरवडायला नको, असं नुसतं ओढलं की निघते. सगळे नाही करत असं. एकच — माझ्या शाळेच्या डब्यावर असायचं असं टोक. नाताळच्या प्रत्येक खोक्यावर. आजीच्या औषधांवर, तिची बोटं वाकडी होती म्हणून. — आणि झाकणाच्या आत तारीख टाकलीय. नऊ मार्च. जानेवारी नाही. मार्च.

नाव सांगू नका. — नाही म्हटलं ना! आणि माझ्या बिल्ल्यावरच्या आडनावाकडे कशाला बघताय आता, इतका वेळ नाही बघितलात ते?

काय म्हणालात? तुम्हीच केलं असं लिहू? तुम्ही खटका फिरवलात, तुम्ही पट्टी चिकटवलीत... साधा नळ बंद होत नाही त्या हातांनी? — चांगले आहात हो तुम्ही. वाटलं नव्हतं. म्हातारी माणसं एकमेकांना बरी सांभाळून घेता, नाही? गवत सांभाळता, अब्रू सांभाळता. त्या कोपऱ्यावरच्या बाईंना मात्र कोणी सांभाळलं नाही. त्यांचं नाव मी सकाळी लिहिलं, त्यांचा नळ ठिबकत होता म्हणून. एवढ्याशा ठिबकण्यावर.

पेन द्या. माझं भिजलंय.

ओ... के... — नको, स्पेलिंग सांगायची गरज नाही. माझंच आडनाव आहे, येतं मला.

जा तुम्ही. जा, ते फवारे बंद करा आधी.